थकवा जातच नाही तेव्हा: कारण कसं शोधायचं

पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटर सलाईनमध्ये साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. ज्वारीची एक भाकरी याहून जास्त ऊर्जा देते. तरीही आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात 'अंगात त्राण नाही' म्हणून आलेला पेशंट आधी सलाईन मागतो. लावल्यावर त्याला बरं वाटतंही. दोन तास निवांत पडायला मिळतं, अंगात पाणी जातं, घरचं कुणीतरी शेजारी बसलेलं असतं. त्यात कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन मिसळलं असेल तर दोन-तीन दिवस भलतीच तरतरी येते. मग थकवा परत येतो, कारण तो ज्यामुळे आला ते जागच्या जागी असतं.

मी याच भागात जनरल प्रॅक्टिस करते. थकव्याचं मूळ क्रमाने शोधलं तर बहुतेक वेळा हाती लागतं. त्यातलं बरंचसं काम रक्त काढण्याआधी, पेशंटने आणि त्याच्या घरच्यांनी करायचं असतं. ते कसं करायचं, यासाठी हा लेख आहे.

मोठा ताप, डेंग्यू, चिकुनगुनिया, कोविड किंवा ऑपरेशन यानंतर काही आठवडे गळून गेल्यासारखं वाटणं अपेक्षित असतं. ते दर आठवड्याला थोडं कमी होत असेल तर वाट पाहायला हरकत नाही. महिना उलटला आणि फरक नाही, किंवा काहीही कारण नसताना महिनाभर थकवा आहे, तर शोध सुरू करायचा.

आधी धोक्याची लक्षणं

छातीत दुखणं किंवा दाबल्यासारखं होणं, आडवं पडल्यावर दम लागणं, डांबरासारखी काळी शौच, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणं, भोवळ येऊन पडणं, डोळे पिवळे होणं, जीव नकोसा होणं. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, गरज पडली तर १०८ ला फोन करा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेव्हा त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. बायकांना आणि मधुमेहाच्या पेशंटना हार्ट अटॅक कधीकधी छातीत न दुखताही येतो. अचानक आलेला प्रचंड थकवा, घाम आणि दम एवढंच दिसतं. घरात असं झालं तर 'ॲसिडिटी असेल' म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

दुसरा गट थोड्या सवडीचा, पण आठवड्याच्या आत दाखवायचा: न ठरवता घटणारं वजन, संध्याकाळी चढणारा ताप, रात्री घामाने भिजणारे कपडे, दोन आठवड्यांवर गेलेला खोकला, मानेत किंवा काखेत गाठ, पाळी कायमची बंद झाल्यानंतर पुन्हा दिसलेलं रक्त.

पहिली पायरी: नेमकं काय होतंय ते ओळखा

'थकलोय' म्हणणारी चार माणसं चार वेगळ्या गोष्टी सांगत असतात. आणि त्या चार गोष्टींच्या वाटा वेगळ्या आहेत.

एकाला झोप येत असते. तो एसटीत बसला की डुलकी, जेवला की डुलकी, गाडी चालवतानाही डोळे मिटतात. इथे रात्रीच्या झोपेकडे आधी बघायचं. दुसऱ्याला दम लागतो. यळ्ळूरच्या राजहंसगडावर पूर्वी न थांबता चढणारा माणूस आता निम्म्या वाटेत टेकतो, बसून असताना मात्र ठीक असतो. इथे रक्त, हृदय आणि फुप्फुसं तपासायची. तिसऱ्याच्या हातापायांतला जोरच गेलेला असतो: उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, वेणी घालताना हात वर राहत नाहीत. हा स्नायूंचा प्रश्न असू शकतो. थायरॉईड, पोटॅशियम, ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता, फार दिवस घेतलेलं स्टेरॉइड या त्यामागच्या शक्यता. चौथ्याच्या अंगात ताकद असते, पण काही करावंसंच वाटत नाही. आवडीचं भजनही नको, माहेरचा फोनही नको. तिथे मनाकडे वळायचं.

एकाच पेशंटमध्ये दोन प्रकार मिसळलेले असतातच. तरी 'यातलं सगळ्यात जास्त कुठलं?' हा प्रश्न घरीच विचारून ठेवा. डॉक्टरांसमोरची पाच मिनिटं त्यामुळे सत्कारणी लागतात.

दुसरी पायरी: दोन आठवड्यांची वही

साधी शंभर पानी वही घ्या. रोज लिहायचं: किती वाजता झोपलो, रात्री कितीदा उठलो, सकाळी उठताना ताजं वाटलं का, काय आणि कधी खाल्लं, चहा किती, काम काय केलं, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ थकव्याला दहापैकी गुण. बायकांनी पाळीचे दिवस लिहावेत. आठवड्यातून एकदा वजन, शक्यतो एकाच काट्यावर.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी नातवंडांनी लिहावं. मुलं हे काम मन लावून करतात.

वहीतून आकार दिसू लागतो. सकाळी सगळ्यात वाईट आणि दिवस चढेल तसं सुधारत गेलं, तर झोप किंवा उदासी. सकाळी ठीक आणि कामासोबत वाढत गेलं, तर शरीराचं कारण अधिक संभवतं. जड काम झालं, तो दिवस निभला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस अंथरुणाला खिळला, असं वारंवार दिसलं तर ती नोंद ठळक करा. तिच्याकडे शेवटी येऊ.

तिसरी पायरी: काम आणि घर

हा भाग दवाखान्यात सगळ्यात कमी विचारला जातो. म्हणून मी इथे रेंगाळणार आहे.

बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबागेत घरातच माग चालतात. विणकराच्या घरी आवाज रात्री उशिरापर्यंत थांबत नाही आणि सगळं घर तुकड्यातुकड्यांत झोपतं. उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाची पाळी बदलत राहिली की दर आठवड्याला शरीराचं घड्याळ उलटं फिरतं. दिवसा सहा तास झोपलेला माणूस रात्री सहा तास झोपलेल्याइतका ताजा नसतो. रक्ताच्या कुठल्याही रिपोर्टमध्ये हे दिसणार नाही.

निपाणी भागात तंबाखूचं काम. ओली पानं हाताळताना निकोटीन कातडीतून अंगात जातं. मळमळ, उलटी, डोकं गरगरणं, गळून जाणं ही त्याची लक्षणं. काम बंद झाल्यावर एक-दोन दिवसांत उतरतात आणि पुन्हा पानांना हात लावला की येतात. दवाने किंवा पावसाने भिजलेल्या पानांत हे जास्त होतं. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि काम संपल्यावर लगेच साबणाने धुणं एवढ्याने खूप फरक पडतो. फवारणी करणाऱ्यांचंही तसंच. फवारलेल्या दिवशी घाम, लाळ, अंधुक दिसणं, हातापायांत थरथर असेल तर ती विषबाधा आहे. तिला थकवा समजून घरी झोपवू नका.

आणि घरातली बाई. पहाटे उठते, सगळ्यांचे डबे भरते, मग शेतात किंवा विड्या वळायला बसते, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवते. तिच्या थकव्याला घरात कुणी आजार म्हणत नाही. तीही म्हणत नाही. मी विचारते, "मावशी, पाळीत अंगावरून किती जातं?" उत्तर येतं, "जातंय की, बायकांचं असतंय तसंच." तेवढ्यावर सोडू नये. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का, दर एक-दोन तासांनी कापड किंवा पॅड बदलावं लागतं का, गाठी पडतात का, रात्री उठावं लागतं का, असं एकेक विचारावं. सासू किंवा नवरा समोर असेल तर हे प्रश्न एकटीला विचारावेत.

चौथी पायरी: औषधांची पिशवी

घरातल्या सगळ्या गोळ्या, मलम, काढे, चूर्ण, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. थकवा आणणारी नेहमीची औषधं ही: रक्तदाबाची ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी, सर्दीची सेटिरिझीन, झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, फिट्सची औषधं, नसांच्या दुखण्याची गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, लघवीच्या गोळ्या, ज्यांनी सोडियम-पोटॅशियम उतरतं. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात. यातली कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. रक्तदाबाची किंवा फिट्सची तर अजिबात नाही. नाव दाखवा, डॉक्टर बदलून देतील.

गुडघेदुखीवर मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. त्यांत स्टेरॉइड असू शकतं. ते महिनोन्महिने घेतलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबवतं. मग पुडी थांबवली की माणूस कोसळतो आणि पुन्हा पुडी घेतो. चेहरा गोल झालेला, कातडीवर सहज डाग पडणारे, साखर वाढलेली, असे पेशंट या वाटेने येतात. पुडी एकदम न थांबवता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटका करून घ्यावी लागते.

आमच्या भागात आणखी एक अडचण. माणूस बेळगावात एकाला दाखवतो, मग कोल्हापूर, मिरज, कधी गोव्याला. कागद चार ठिकाणी विखुरतात, त्याच तपासण्या पुन्हा होतात. एक फाईल ठेवा, तारखेप्रमाणे लावा. समोरचे डॉक्टर किंवा नर्स कन्नड बोलत असतील आणि आजीला फक्त मराठी येत असेल, तर दोन्ही भाषा जाणणारं कुणीतरी सोबत न्या. 'दम' आणि 'चक्कर' यांची अदलाबदल झाली तरी तपासणीची दिशा बदलते.

पाचवी पायरी: अंग तपासून घ्या

तपासणीच्या टेबलावर न झोपवता थकव्याचं निदान होऊ नये. नाडी, वजन, डोळ्यांच्या पापणीचा आतला भाग, जीभ, नखं, मानेतला थायरॉईड, गाठी, छाती, पोट, पायावरची सूज बघितली पाहिजे. रक्तदाब पडून आणि मग उभं राहून तीन मिनिटांत मोजावा. वरचा आकडा २० ने उतरला तर औषधं, पाण्याची कमतरता, रक्तस्राव यांचा विचार होतो. हे झालं नसेल तर 'डॉक्टर, एकदा तपासून बघता का?' असं म्हणायला संकोच करू नका.

सहावी पायरी: थोड्या, पण योग्य तपासण्या

पहिल्या फेरीला पुरेसं आहे: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर (अंगातल्या सुजेचा अंदाज), उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), थायरॉईडसाठी टीएसएच, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, यकृतासाठी एसजीपीटी आणि लघवी. पाळी चुकली असेल तर गरोदरपणाची चाचणी सगळ्याच्या आधी. फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे, ईसीजी हे वरच्या पाच पायऱ्यांत काय सापडलं त्यावर ठरतं.

साठ-सत्तर तपासण्यांचं पॅकेज घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नॉर्मलची मर्यादा अशी ठरवलेली असते की निरोगी माणसांतल्याही सुमारे ५ टक्क्यांचा आकडा तिच्या बाहेर जातो. साठ तपासण्यांत दोन-तीन आकडे ठळक छापून येणारच. मग त्यांच्यामागे धावण्यात खरं कारण मागे पडतं. ताप नसताना केलेली विडाल, म्हणजे टायफॉइडची रक्ततपासणी, हा आमच्याकडचा नेहमीचा प्रकार. ती 'पॉझिटिव्ह' आली म्हणून टायफॉइड ठरत नाही, तरी लोक आठवडेच्या आठवडे त्याची अँटिबायोटिक्स घेतात. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी दर आठवड्याला वर्षभर खाणारेही भेटतात. अतिरेक झाला तर कॅल्शियम वाढतं आणि वाढलेलं कॅल्शियम स्वतःच थकवा आणतं.

सातवी पायरी: हिमोग्लोबिन कमी आलं. पण का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे पुरुषात १३, गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ आणि गरोदर स्त्रीत ११ (मधल्या तीन महिन्यांत १०.५) च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत तो आढळला. इतकं सर्रास आहे म्हणून 'रक्त कमी आहे, गोळ्या घ्या' इथे गोष्ट संपते. ती इथे सुरू व्हायला हवी.

सीबीसीमध्ये एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तांबड्या पेशींच्या आकाराचा. तो ८० च्या खाली असेल तर बहुधा लोहाची कमतरता. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर ती नक्की, ३० च्या खालीही बहुतेक डॉक्टर ती धरतात. अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, हे ध्यानात असू द्या. एमसीव्ही कमी पण फेरिटिन चांगलं, तर थॅलेसेमियाचा (आनुवंशिक रक्तविकाराचा) अंश आहे का ते एचबीए२ तपासून बघावं. लग्न ठरताना आणि गरोदरपणात ही माहिती फार मोलाची ठरते.

लोह कमी आहे हे कळल्यावर पुढचा प्रश्न: ते गेलं कुठे? तरुण बाईत जास्त पाळी आणि लागोपाठची बाळंतपणं. शेतात अनवाणी चालणाऱ्यांत अंकुशकृमी, म्हणजे आतड्यात रक्त पिणारे जंत. मूळव्याध. वर्षानुवर्षं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी जठरात झालेली जखम. पुरुषात किंवा पाळी बंद झालेल्या बाईत लोह कमी निघालं, तर पोटातून-आतड्यातून रक्त जातंय असं धरूनच चालायचं आणि दुर्बिणीने तपासून घ्यायचं. आतड्याच्या कर्करोगाची पहिली खूण कित्येकदा हीच असते. अशा माणसाला नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवणं मला मान्य नाही.

उपचारात चहाचं सांगते, कारण तो आपला जीव की प्राण. जेवणाबरोबर चहा घेतला तर जेवणातलं लोह कमी शोषलं जातं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. गोळीने मळमळत असेल तर एक दिवसाआड घेण्याबद्दल विचारा, शोषणही चांगलं होतं. बीटाने रक्त वाढतं ही समजूत रंगावरून आलेली. त्यात लोह थोडंच असतं. गोळ्या नीट घेतल्या तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोनने चढतं. चढलं नाही तर निदान चुकलंय, गोळी पोटात जात नाही, किंवा रक्त अजून जातंय. आकडा नॉर्मल झाल्यावरही तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, कारण साठा भरायचा असतो.

एमसीव्ही १०० च्या वर असेल तर बी१२, फोलेट, दारू आणि थायरॉईड यांचा विचार. माळकरी, जैन, लिंगायत घरांत, जिथे दूध-दहीही बेताचं असतं, तिथे बी१२ कमी निघणं नेहमीचं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही. पायाला मुंग्या येणं, जीभ लाल गुळगुळीत होणं, चालताना तोल जाणं असेल तर उशीर नको. नसांचं नुकसान पुढे भरून येत नाही.

बाकीची नेहमीची कारणं

टीएसएच थोडंसंच वाढलं असेल, दहाच्या आत, तर लगेच आयुष्यभराची गोळी सुरू न करता सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर मात्र थांबू नका. उपाशी साखर १२६ किंवा एचबीए१सी ६.५ च्या वर म्हणजे मधुमेह, खात्रीसाठी एकदा पुन्हा. क्रिएटिनिन वाढलं असेल तर दुखण्याच्या गोळ्या त्याच दिवशी बंद. टीबीची शंका असेल तर थुंकीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात. लाजून खाजगीत औषधं अर्धवट घेण्यापेक्षा आशाताईला सांगा.

आठवी पायरी: झोप आणि मन

मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दचकून उठणं, सकाळी डोकं जड, आणि दिवसा डुलक्या. हे पेशंटला स्वतःला माहीत नसतं. शेजारी झोपणाऱ्याला विचारा, मोबाईलवर चित्रफीत काढून आणा. श्वास अडकण्याचा हा आजार बारीक माणसांतही असतो.

मनाचं दोन प्रश्नांनी कळतं. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, निराश वाटलं का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नाही का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर पुढे बोलायलाच हवं. आमच्याकडे मन आजारी आहे असं कुणी म्हणत नाही, 'अंग दुखतंय, भूक नाही, झोप नाही' असंच म्हणतात. उसाचं बिल थकलेला शेतकरी, मुलगा पुण्याला गेल्यावर एकटे राहिलेले आजोबा, बाळंतपणानंतर रडू आवरत नसलेली सून, यांचा थकवा खरा असतो आणि त्यावर उपचारही खरे आहेत. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, भाषा निवडता येते. उदासी आणि रक्तक्षय दोन्ही एकाच वेळी असू शकतात. एक सापडलं म्हणून दुसरं शोधणं सोडू नये.

सगळं नॉर्मल आलं तर

'तुम्हाला काही झालेलं नाही' हे वाक्य पेशंटला फार दुखावतं. रिपोर्ट चांगले आहेत याचा अर्थ मोठे धोके आज दिसत नाहीत, इतकाच. इथे वही पुन्हा उघडायची. थकवा सहा महिन्यांहून जुना आहे, पूर्वीची कामं निम्मीही होत नाहीत, झोपून उठल्यावर ताजं वाटत नाही, थोड्या श्रमानंतर एक-दोन दिवसांनी माणूस कोसळतो, आणि त्यासोबत डोकं चालेनासं होतं किंवा उभं राहिलं की त्रास वाढतो. हे सगळं जुळत असेल तर दीर्घकालीन थकव्याचा स्वतंत्र आजार असू शकतो. तो कधी विषाणूच्या तापानंतर, कोविडनंतरही सुरू होतो. अशा पेशंटला 'व्यायाम कर, रोज थोडं वाढव' असं ढकलू नका, त्याने बिघडतं. ब्रिटनच्या नाईस संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत तसा चढता व्यायाम काढून टाकला. पेलेल तेवढंच काम, मध्ये विश्रांती, आणि बऱ्या वाटणाऱ्या दिवशीही हात आखडता, असं नियोजन करावं लागतं. उदासीमुळे किंवा बैठ्या कामामुळे आलेल्या थकव्यात मात्र रोजचं चालणं औषधासारखं काम करतं. म्हणून हा फरक वहीतून आधी ठरवायला हवा.

पुढची भेट चार ते सहा आठवड्यांनी ठरवूनच निघा, तीही त्याच डॉक्टरांकडे. तेव्हा वजन पुन्हा करा, वही दाखवा आणि धोक्याच्या लक्षणांचा भाग परत वाचा. वजन तीन किलोने उतरलं असेल, ताप सुरू झाला असेल किंवा नवी गाठ लागली असेल, तर मागचे नॉर्मल रिपोर्ट बाजूला ठेवून पहिल्या पायरीपासून तपासणी करून घ्या.